मला कोणी विचारले नाही

भाच्याने काल माझेच एक जुने गाणे मोबाइलवर ऐकवले आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. निर्मात्याला चाल कळावी एवढ्यासाठी मंगळवार पेठेतल्या घरी, बाहेर पाऊस कोसळत असताना, पेटी आणि गळा एकाच मायक्रोफोनवर घेऊन भरलेली ती कॅसेट. त्यातले शब्दसुद्धा मीटर भरण्यापुरते, तात्पुरते होते. निर्मात्याचे उत्तर आले नाही. तानपुऱ्यावर कोण होते, ते आज लिहीत नाही.

भाच्याच्या मित्रांनी संगणकावर माझा आवाज पेटीपासून सोडवून घेतला, खाली नवा ठेका घातला आणि दुसरा अंतरा गाळून टाकला. जुना डेक वेगात फिरल्यामुळे पेटीच्या काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनपर्यंत, म्हणजे अर्धा स्वर वर, चढले आहे, त्यामुळे मी तेव्हा होतो त्याहूनही कोवळा वाटतो. सगळे छान आहे. पण मला कोणी विचारले नाही.

जॉन लेननने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या राहत्या घरी पियानोवर असेच एक गाणे कॅसेटवर भरले होते. १९९५ मध्ये त्याच्या बीटल्स या बँडमधल्या उरलेल्या तिघांनी ते हाती घेतले, पण पियानो आवाजावर चढलेला आणि टेपमध्ये विजेची घूं घूं, म्हणून सोडून दिले. पुढे संगणकाने आवाज वेगळा काढला आणि २०२३ मध्ये ‘नाऊ अँड देन’ बाहेर आले, तेव्हा त्या तिघांपैकी जॉर्ज हॅरिसनही जगात नव्हता, तरी त्याने १९९५ मध्ये वाजवलेली गिटार त्यात आहे. लेननच्या मूळ गाण्यातला एक तुकडा तिथेही गाळलेला आहे. त्याला १९८० मध्येच गोळ्या घातल्या गेल्या; विचारणार कोणाला? मी मात्र दोन गल्ल्या पलीकडे राहतो, आणि संध्याकाळी सहसा घरीच असतो.

अर्थात, विचारले असते तर मी काय केले असते, हेही मला ठाऊक आहे. आधी शब्द बदलू म्हटले असते, मग ठेका जड झाला म्हटले असते, कवीला फोन करतो म्हणून तो कधीच केला नसता, आणि कॅसेट पुन्हा ट्रंकेत गेली असती. मीटर भरायला घातलेली ती ओळ आज पोरे गुणगुणत जिना उतरत होती. तिच्यापेक्षा चांगली ओळ मला अजून सुचलेली नाही.

रविवारी इथल्या देवल क्लब या संगीतसंस्थेत त्यांचा कार्यक्रम आहे. पहिल्या रांगेत माझी खुर्ची धरून ठेवली आहे म्हणे; तीही न विचारताच.