कुठनं बघितलंस?

आपल्या शाळेचं नाव निघालं की मला प्रयोगशाळेतलं ते काचेचं मोजपात्र आठवतं. आठवीत सरांनी त्यात पाणी ओतलं आणि आम्हा तिघांना माप विचारलं. उभ्या मुलानं 52 मिलिलिटर सांगितलं, वाकलेल्यानं 50. मी पार खाली बसलो होतो, मला 48 दिसलं. खोटं कुणीच बोललं नव्हतं. सरांनी वहीत ‘निरीक्षण’ या रकान्याच्या आधी पेन्सिलीनं एक नवा रकाना आखून घेतला: ‘कुठनं बघितलं’. तो रिकामा असला की प्रयोगावर सही नाही. हा रकाना शाळेनं परत सुरू करावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

त्याच नोव्हेंबरात सर आम्हाला कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाला घेऊन गेले. मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत येतात; नोव्हेंबरात 9, 10, 11 तारखेला आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला. वर्षातून दोनदा का, तर सरांनी दिवस मोजायला लावले. 10 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर, म्हणजे सूर्य सगळ्यात दक्षिणेला मावळतो त्या दिवसापर्यंत, 41 दिवस; तिथून पुढं 41 दिवसांनी 31 जानेवारी. दक्षिणेकडं सरकताना सूर्य जिथं मावळतो, तिथंच तो परतताना मावळतो. मला तर कोडं सुटल्याचा आनंद झाला.

त्या संध्याकाळी हवेत धूळ होती. किरण चरणांशी आला आणि विरला. शेजारच्या मावशींनी डोळ्यांना पदर लावला. परतताना मी सरांना म्हणालो, “खरं कारण त्यांना कुठं माहितेय?”

सर महाद्वार रोडवर भर गर्दीत थांबले. “सूर्य कुठं मावळणार हे तू गणितानं सांगशील. त्यांच्या डोळ्यांत पाणी का आलं, ते कुठल्या मोजपात्रात मोजशील? आपल्याकडं माप नाही, म्हणून ती गोष्टच नाही असं वहीत लिहू नकोस.”

पुढं माझी नोकरी पाण्याच्या मोजमापातच गेली. 2019 च्या महापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे पाणीपातळीचे आकडे येत होते. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, आणि पंचगंगा 55 फुटांच्या वर. चिखलीच्या आत्याला फोनवर आकडा सांगितला, तर ती म्हणाली, “फूट मला कळत न्हाई बाळा. पाणी जोत्याला लागलंय, म्हसरं सोडल्यात.”

मी ते बंधाऱ्याच्या आकड्याशेजारीच लिहून ठेवलं. वेळ घातली, आणि पुढं लिहिलं: आत्या, दारातनं.