डॅशबोर्डला काय लावू? तुम्ही विचारलंत म्हणून

जुनी गाडी बाळगणारं कोणी भेटलं आणि माझी नोकरी बडोद्याच्या आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीत, पीव्हीसी नावाचं प्लास्टिक बनवणाऱ्या प्लँटवर झाली हे त्याला कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "काका, डॅशबोर्डला तडे जायला लागलेत, काय लावू?" दांडिया बाजारात भाजी घेताना विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, कमाटीबागेत सकाळी फिरायला गेलं तरी विचारतात. बहुतेकांनी चकचकीत पॉलिशची बाटली आधीच आणलेली असते आणि माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. तो मी देत नाही. का देत नाही, ते दरवेळी उभ्या उभ्या अर्धवट सांगितलं जातं, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. काय लावायचं हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, गाडी दुपारी कुठे उभी असते?

आमच्या प्लँटमधून पीव्हीसी बाहेर पडायचं ते पांढरी भुकटी होऊन. त्याच भुकटीपासून बोअरवेलचा कडक पाइप होतो आणि त्याच भुकटीपासून सीटचं मऊ रेक्झिनही होतं. हा मऊपणा येतो तो त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे, म्हणजे प्लास्टिसायझरमुळे. या धंद्यातली माणसं वर्षानुवर्षं ज्याला डीओपी म्हणत आली, ते त्यातलंच एक. आता डॅशबोर्ड बघा. खाली पत्र्याचा किंवा कडक प्लास्टिकचा सांगाडा, त्यावर फोम आणि सगळ्यात वर पीव्हीसीची कातडी. डीओपी त्या कातडीत नुसतं मुरलेलं असतं, रासायनिक बंधनानं बांधलेलं नसतं. उष्णता मिळाली की ते हळूहळू बाहेर पडतं. गाडी काही दिवस उन्हात उभी राहिल्यावर समोरची काच आतून पांढऱ्या फडक्यानं पुसून पाहा. फडक्यावर जो चिकट, धुरकट थर येतो, त्यात तुमच्या डॅशबोर्डचा मऊपणाही असतो.

तेल गेलं की कातडी कडक होते आणि आकसते. पण आकसायला तिला जागा कुठे असते? खालून फोमला चिकटलेली, कडांना स्क्रूनं आवळलेली. मग ताण साठत जातो आणि जिथे कोपरा किंवा भोक असेल तिथे ती फाटते. म्हणून तडा सहसा काचेवर हवा सोडणाऱ्या झरोक्याच्या टोकाशी, स्पीकरच्या जाळीपाशी किंवा मीटरवरच्या छपराच्या कोपऱ्यात सुरू होतो. फोममधली काही रसायनंही उष्णतेत पीव्हीसीला खालून खराब करतात, त्यामुळे वरून कितीही काळजी घेतली तरी थोडी झीज होणारच.

पूर्वीच्या गाड्यांना हे दुखणं नव्हतं. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचा मोठा सोहळा झाला. तिथे दिसतात तसल्या, दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गाड्यांत डॅशबोर्ड लाकडाचा नाहीतर पत्र्याचा असायचा. लाकडाला त्याचं वेगळं औषध लागतं, पण फोम आणि पीव्हीसी तिथे नाहीच. मऊ डॅशबोर्ड आले ते अपघातात माणसाचं डोकं, छाती वाचावी म्हणून. अमेरिकेत १९६८ पासून गाडीच्या आतल्या भागासाठी तसे नियमच लागू झाले. तेव्हा तडे जातात म्हणून या मऊ डॅशबोर्डाला नावं ठेवणं मला पटत नाही. एका चांगल्या कामासाठी तो आला आणि आपल्या उन्हात त्याला जपायला हवं, इतकंच.

आपलं ऊन म्हणजे काय, तर बडोदं कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. मे महिन्यात पारा चाळिशीपार जाणं इथे नेहमीचं आणि जूनच्या सुरुवातीला दुपारी सूर्य अगदी डोक्यावर. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात संशोधकांनी कडक उन्हाळ्यात गाड्या उभ्या करून मोजमाप केलं होतं, ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. उन्हात तासभर उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डचं तापमान सरासरी ६९ अंश सेल्सिअस भरलं. सावलीतल्या गाडीचं ४८. हा वीस अंशांचा फरक कुठल्याही बाटलीत मिळत नाही. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे, बाकी सगळं तिच्या मागून.

म्हणून कडुलिंबाखाली जागा मिळाली तर पक्ष्यांची विष्ठा पडेल म्हणून ती सोडू नका, टप पाण्यानं धुता येतो. झाड नसेल तर काचेला आतून लावायचा चंदेरी पडदा घ्या आणि तो काचेला नीट भिडवून बसवा, म्हणजे ऊन आत येण्याआधीच परत जाईल. तोही नसेल तर जुनं पांढरं धोतर दुहेरी करून डॅशबोर्डवर पसरा. पडद्याइतकं काम ते करत नाही, पण थेट ऊन तरी कातडीवर पडत नाही. दुपारभर गाडी उघड्यावर राहणार असेल तर तिचं तोंड पश्चिमेला ठेवू नका. हिवाळ्यात ते उत्तरेला असलेलं चांगलं. काच बोटभर उघडी ठेवल्यानं काही होत नाही का, असंही विचारतात. होतं, पण अगदी थोडं. आणि तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या एसीचा गार झोत काचेकडे सोडू नका. आधी चारही दारं उघडून आतली धग जाऊ द्या.

आता एक गोष्ट जिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. आपल्या घरांत नवी गाडी आली की डॅशबोर्डवर गणपती बसतो आणि तो बसतो दुहेरी चिकटपट्टीवर. उन्हानं ती पट्टी कातडीत रुतते. वर्षांनी मूर्ती बदलायची म्हणून कोणी ती खेचतं आणि खाली कातडीचा तुकडाच निघतो, तडा तिथून पुढे धावतो. मूर्ती काढायची तर हेअर ड्रायरनं पट्टी कोमट करा, मग शिवणाचा मजबूत दोरा दोन्ही हातांत ताणून मूर्तीखालून करवतीसारखा पुढेमागे ओढा. मूर्ती अलगद सुटते. राहिलेला चिकटा बोटानं गोल गोल चोळून काढा, थिनर लावू नका. रबरी दिसणारी न घसरणारी चटई आणि मोबाइलचा चोखणीवाला स्टँड यांच्याबद्दलही हेच. असल्या चटईतलं तेल आणि डॅशबोर्डमधलं तेल एकमेकांत जातं आणि चिकट डाग कायमचा राहतो.

पॉलिशबद्दल. सिलिकॉनचं चकचकीत पॉलिश डीओपी परत आणत नाही, कुठलंच पॉलिश आणत नाही. ते वर चमक देतं, धूळ धरतं, काचेत डॅशबोर्डचं प्रतिबिंब पाडून समोरचं दिसणं अवघड करतं आणि पुढे दुरुस्तीची वेळ आली की त्या जागी ना गोंद धरतो ना रंग. खोबरेल तेल आणि डिझेलचा बोळा तर लांबच ठेवा. डिझेल, पेट्रोल, थिनर कातडीतलं उरलंसुरलं तेल ओढून घेतात. ओल्या मऊ फडक्याला थोडासा सौम्य साबण, मग स्वच्छ पाण्याचं फडकं, मग कोरडं. एवढं केल्यावर हौस असेल तर पाण्यावर आधारलेलं, न चमकणारं, उन्हापासून बचाव करणारं द्रावण लावा. ते चांगलं आहे, पण सावलीची जागा ते घेऊ शकत नाही.

आणि तडा गेलाच असेल तर? आधी डॅशबोर्डवर दोन-चार ठिकाणी अंगठा दाबून पाहा. कातडी दबून परत वर येत असेल तर तो तडा एकट्याचा आहे, दुरुस्ती टिकेल. सगळीकडे पुठ्ठ्यासारखं कडक लागत असेल तर एक तडा भरला तरी शेजारी दुसरा येणार. तिथे भरण्यात पैसे घालू नका, सरळ झाकण्याचा विचार करा.

भाच्याच्या जुन्या कॉन्टेसा गाडीला मीटरच्या छपराजवळून बोटभर तडा गेला होता, तो आम्ही भरला. काम सकाळी, डॅशबोर्ड गार असताना केलं, कारण तेव्हा फट सगळ्यात रुंद असते. तड्याचं टोक कुठे संपतं ते बॅटरीच्या उजेडात शोधलं आणि तिथे बारीक ड्रिलनं एक गोल भोक पाडलं. टोकदार जागी ताण एकवटतो, गोल भोकाभोवती तो पसरतो आणि तडा बहुधा तिथे थांबतो. कडा वाळत घातलेल्या पापडासारख्या वर वळल्या होत्या, त्या हेअर ड्रायरनं मऊ करून खाली दाबल्या आणि ज्या बसेनात त्या नव्या ब्लेडनं तिरक्या कापल्या. आत अल्कोहोलनं पुसलं. मग गाडीची काच बसवणारे जे काळं पॉलियुरेथेन सीलंट वापरतात, ते भरून ओल्या चमच्याच्या पाठीनं सपाट केलं. वाळल्यावरही ते रबरासारखं लवचिक राहतं. फेविक्विक आणि एम-सील इथे चालत नाहीत. दोन्ही कडक होतात आणि कातडी हलली की कडेनं सुटतात. आमची दुरुस्ती जवळून पाहिली तर दिसते. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही, तडा पुढे गेलेला नाही.

झाकायचंच असेल तर माझा कौल, जे पुन्हा काढता येईल त्याला. मापानं शिवलेलं कापडी आवरण हुकांवर किंवा कडेनं अडकवता येतं, खालचा मूळ डॅशबोर्ड जसाच्या तसा राहतो. नवं रेक्झिन चढवायचं असेल तर डॅशबोर्ड काढून, जुनी कातडी नीट करून चढवणाऱ्या कारागिराकडेच जा आणि उष्णता सोसणारा गोंद वापरतोस का, हे आधी विचारा. सीटसाठी सर्रास वापरतात ते पिवळं सोल्यूशन मे महिन्यात मऊ पडतं आणि खोलगट वळणांत रेक्झिन फुगून वर येतं. भंगारातून दुसरा डॅशबोर्ड आणणार असाल तर पैसे देण्याआधी तिथेही अंगठा दाबा. तोही आपल्या गाडीइतकाच म्हातारा आणि कित्येकदा टप नसलेल्या गाडीत उन्हात पडलेला. दुकानाच्या अंधाऱ्या माळ्यावर डब्यात राहिलेला न वापरलेला भाग मिळाला तर मात्र जास्त पैसे देऊन घ्यावा.

यातलं काहीही करण्याआधी डाव्या बाजूला, म्हणजे शेजारच्या सीटसमोर, एअरबॅग आहे का ते पाहा. तिथे आयताकृती झाकणाची रेघ किंवा उठावदार अक्षरं असतात. काही गाड्यांत रेघ वरून दिसतच नाही, तेव्हा गाडीचं पुस्तक काढून खात्री करा. एअरबॅग ठरलेल्या शिवणीवरूनच फाडून बाहेर येते. तिच्यावर रेक्झिन, जाड रंग, चटई किंवा चिकटवलेली मूर्ती असेल तर ती नीट उघडणार नाही किंवा वरची वस्तू माणसाच्या तोंडावर फेकेल. त्या भागाला तडा गेला असेल तर तो भरूही नका, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये दाखवा. आणि सीटकव्हरवाल्याकडे गाडी सोडताना ती जागा खडूनं आखून द्या.