जखम उघडीच

मंगळवार, रात्र

आज ड्रेसिंगचा सहावा दिवस. पाठीवरचं गळू चिरून पू काढला, त्याला जवळजवळ आठवडा झाला. चिरा देताना भूल नीट चढली नव्हती. पू झालेली जागा आम्लधर्मी असते, तिथे भुलीचं इंजेक्शन कमी चालतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. आधी सांगितलं असतं तर मी पळालोच असतो.

मी वाट पाहत होतो टाक्यांची. टाके नाहीत! त्या खड्ड्यात सलाइनने ओली केलेली गॉझची पट्टी सैलसर भरतात, रोज काढतात, रोज नवी घालतात. न राहवून विचारलं, तर उत्तर मिळालं, "वरची कातडी लवकर जुळते हो. आत पोकळी राहिली की पुन्हा पू धरतो. तळापासून भरत यायला हवी."

घरी आल्यावर बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकाचा सहावा अध्याय काढला. लोकांची जखम वरवर बरी करून 'शांती, शांती' म्हणणाऱ्यांवर संदेष्टा चिडलाय, शांती मुळीच नसताना. हीच तक्रार आठव्या अध्यायात पुन्हा येते. यशयाच्या पहिल्याच अध्यायात तर न पिळलेल्या, न बांधलेल्या, तेलाने मऊ न केलेल्या जखमा आहेत. इतकी वर्षं हे सगळं मी इस्राएलाच्या खात्यावर टाकून पुढे वाचत आलो. आज पालथा पडून वाचताना तसं जमेना.

कारण दादा. आईच्या आजारपणात आमच्यात जे बोलणं झालं, त्यानंतर मी दोनच महिन्यांत 'क्षमा केली' म्हणून मोकळा झालो होतो. प्रार्थनेत तसं म्हटलंही. पाळकांनी विचारलं तेव्हा म्हणालो, माझ्या मनात काही नाही. कातडी छान जुळली होती. पण त्याचं नाव निघालं की आत ठणकायचं, आणि त्या ठणक्याला मी 'स्वभाव' म्हणायचो. गोळ्यांनीही हे गळू बसलं नव्हतं, पुवाच्या पोकळीत औषध धड पोहोचत नाही म्हणे. माझ्या प्रार्थनाही बहुधा वरूनच दिलेल्या गोळ्या होत्या.

आणखी एक गंमत. जखम पाठीवर, त्यामुळे मला ती दिसतच नाही. सिस्टर सांगतात तेच खरं. आज म्हणाल्या, लालसर दाणेदार मांस येतंय, पुसताना थोडं रक्त येतं ते चांगलंच. मला वाटलं होतं, रक्त म्हणजे बिघडलं. 'देवा, माझं अंतःकरण पारखून पाहा' ही 139 व्या स्तोत्रातली विनंती किती सहज म्हणतो आपण! पारखणारा हात पट्टी ओढतो तेव्हा मी पलंगाची कड घट्ट धरतो. सिस्टर रोज विचारतात, दुखतं का? मी रोज म्हणतो, नाही. चिमटा त्यांच्या हातात असताना खोटं बोलणारा मीच पहिला नसेन.

वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाकडे जा, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं मला तोंडपाठ आहे. पाठ असण्याचा काही उपयोग झाला नाही.

नऊ वाजता दादाला फोन लावला. मुद्द्याचं काहीच बोललो नाही, गळवाचंच पुराण लावलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "दुखतं का रे?"

"हो," म्हणालो. "दुखतं."