फेस येईना, वास जाईना

मुलगी तीन महिन्यांची झाली आणि बायको तिला घेऊन मिरजेहून, माहेराहून, आमच्या वाकडच्या फ्लॅटवर आली. कामांची वाटणी लगेच झाली: पाजणं तिच्याकडे, धुणं माझ्याकडे. सौदा सोपा आहे असं मला वाटलं होतं.

मिरजेला सगळा कारभार लंगोटांवर चालला होता. आम्ही मात्र हौसेने सोळा कापडी डायपर घेतले. बाहेरून पाणी न झिरपणारं कव्हर, आतून खिसा आणि खिशात सारायचा मायक्रोफायबरचा इन्सर्ट. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, साबण अगदी कमी वापरा, नाहीतर कापड शोषायचं बंद होतं. मी आज्ञाधारक. सोळा डायपरना पाव चमचा पावडर.

पहिले तीन आठवडे छान गेले. मग एका पहाटे डायपर काढला आणि डोळ्यांत पाणी आलं. अमोनिया! गंमत म्हणजे मशीनमधून काढलेले, वाळलेले डायपर हुंगले तर काहीच नाही. बाळाने एकदा ओले केले की अख्खी खोली दरवळायची. त्यातच मांड्यांवर लाल पुरळ. डॉक्टरांनी झिंकचं क्रीम दिलं. ते क्रीम कापडाला चिकटलं आणि त्या जागी शोषणंच थांबलं. (पुढे क्रीम लावलं की आत जुन्या मलमलच्या साडीचा तुकडा टाकायला लागलो. तो वेगळा धुवायचा.)

मी काय काय केलं नाही! लिंबू पिळलं, व्हिनेगर ओतलं, सुवासिक कंडिशनरही घातलं. हा शेवटचा तर शुद्ध गाढवपणा. कंडिशनरचा थर धाग्यावर बसतो आणि पाणी आत शिरूच देत नाही. त्या रात्री दोनदा चादर बदलली.

उलगडा झाला तो सासूबाईंच्या फोनवर. बायको सहज म्हणाली, "आई, इथे लंगोटसुद्धा वास मारतात गं." त्यांनी विचारलं, "फेस येतो का?" तीच पावडर, तेच लंगोट. पण मिरजेला नळाला कृष्णेचं पाणी. आमच्याकडे उन्हाळाभर टँकर आणि बोअर. नळांवर पांढरी पुटं चढलेली रोज दिसत होती, तरी डोक्यात प्रकाश पडला नव्हता. जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियमच साबण खाऊन टाकत होतं. माझा पाव चमचा कपड्यांपर्यंत पोचतच नव्हता. लघवी धाग्यांत साचत गेली, तिच्यावर जंतू पोसले, आणि त्यांनीच तिचा अमोनिया केला.

रविवारी सगळे इन्सर्ट कडक गरम पाण्यात, धुण्याचा सोडा आणि भरपूर पावडर घालून चार तास भिजवले. बादलीतलं पाणी चहासारखं झालं. मला लाज वाटली. रोज धुतलेले "स्वच्छ" कपडे होते ते! मग साबणाशिवाय दोन वेळा नुसतं खळबळून काढले. वास गेला.

तेव्हापासून बसलेली घडी अशी. वापरलेला डायपर आला की इन्सर्ट लगेच बाहेर आणि उघड्या जाळीच्या टोपलीत कोरडा. झाकणाच्या बादलीत पाण्यात बुडवून ठेवायचा नाही, तिथेच वास धरतो. शी असेल तर संडासातल्या जेटने गार पाण्यानेच उडवायची. गरम पाण्याने डाग पक्का बसतो. एक दिवसाआड मशीन. आधी गार पाण्याचा छोटा फेरा, मग ६० अंशांवर मोठा, त्यात पाकिटावर लिहिलेली पूर्ण मात्रा आणि चमचाभर सोडा. आमचं फ्रंट लोड मशीन वजन बघून पाणी घेतं, आणि डायपर पडले हलके. म्हणून एक ओला टॉवेल सोबत टाकतो. मशीन फसतं.

पिवळे डाग मात्र मशीनने जात नाहीत. ओलेच इन्सर्ट बाल्कनीत उन्हात टाकायचे. दुपारपर्यंत डाग आपोआप फिके होतात. कव्हर मात्र सावलीत, नाहीतर इलॅस्टिक ढिलं पडतं.

पावसाळ्यात ही सगळी घडी मोडली. कव्हर पंख्याखाली काही तासांत वाळायचं, जाड इन्सर्ट दोन-दोन दिवस दमट. साताऱ्याहून आलेल्या आईने हॉलभर लटकलेली ती माळ बघितली आणि म्हणाली, "अरे, तुझे लंगोट टोपलीवर पसरून शेगडीवर वाळवायचो आम्ही, ओव्याची धुरी देऊन." प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेलं कव्हर शेगडीवर धरलं तर काय होईल, ते तिला समजावत बसलो नाही. तिने तोवर वडिलांचं जुनं धोतर फाडायला घेतलंही होतं. चौकोनी तुकडा, उघडला की एकेरी, तासा-दोन तासांत सुका. घडी घालून खिशात सारला की झाला इन्सर्ट. मायक्रोफायबरसारखं पटकन नाही शोषत, पण रात्री दोन घातले की सकाळपर्यंत निभतं.

मुलगी आता सव्वा वर्षाची आहे. सोळापैकी अकरा कव्हरं चालू आहेत. मायक्रोफायबरचे इन्सर्ट स्कूटर पुसायला गेले. धोतर अजून पुरतंय.