कोलंबियाच्या स्टेट हाऊससमोरची ती रिकामी जागा

नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटहून साउथ कॅरोलायनाची राजधानी कोलंबिया म्हणजे आय-७७ हायवे धरून सरळ दक्षिणेला दीड तास, म्हणजे पुण्यातल्या पुण्यात ट्रॅफिकमध्ये जातो तेवढा वेळ, तरी इथे राहून आम्ही इतकी वर्षं तिकडे फिरकलो नव्हतो कारण सगळे म्हणायचे की तिथे बघायला काय आहे, समुद्र बघायचा तर चार्ल्सटनला जा. शेवटी मंडळातल्या एका काकांनी लावूनच धरलं. काका नव्वदच्या दशकात तिथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करायला आले होते, ते म्हणाले, "अगं तुम्ही मुलं निकी हेली निकी हेली करता ना, मग ती गव्हर्नर असताना कॉन्फेडरेट झेंडा जिथून उतरला ती जागा तरी एकदा जाऊन बघा. मी येतो सोबत."

तर शनिवारी निघालो. कोलंबियात शनिवारी सकाळी मेन स्ट्रीटवर सोडा सिटी नावाचा बाजार भरतो, तिथे आधी पोटोबा. आणि तिथे काय मिळालं तर उकडलेल्या शेंगा! गरम, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, ओल्या टरफलासकट कागदी पिशवीत. साउथ कॅरोलायनाचा हा सरकारमान्य स्टेट स्नॅक आहे म्हणे, कायदा करून ठरवलाय. नवऱ्याने दोन पिशव्या घेतल्या आणि बोटं चाटत चाटत आम्ही रस्त्याच्या टोकाला असलेल्या स्टेट हाऊसकडे चालत निघालो. ऊन असं की विचारू नका.

स्टेट हाऊस म्हणजे इथलं विधान भवन. वर तांब्याचा घुमट, भोवती पाम्सारखी पाल्मेटोची झाडं. पश्चिमेकडच्या भिंतीवर ब्राँझचे सहा तारे ठोकलेत, १८६५ मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धात, उत्तरेचा सेनापती शर्मन याच्या सैन्याचे तोफगोळे जिथे लागले त्या त्या जागी. समोर जॉर्ज वॉशिंग्टनचा पुतळा आहे, त्याच्या हातातली काठी खालून तुटलेली, तीही उत्तरेच्या सैनिकांनी तोडली म्हणून तशीच ठेवलीय. म्हणजे हरलेल्या युद्धाच्या जखमा इथे जपून, पॉलिश करून ठेवल्यात.

आणि समोरच दगडी खांबावर कॉन्फेडरेट, म्हणजे त्या युद्धातल्या दक्षिणेच्या बाजूचा, सैनिक. १८७९ चं स्मारक. त्याच्या पाठीमागे फक्त हिरवळ. काका तिथे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "इथे. इथे झेंड्याचा तीस फुटी खांब होता आणि भोवती लोखंडी कुंपण."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लाल झेंडा, त्यावर निळी फुली, फुलीत तेरा पांढरे तारे. गुलामी टिकवण्यासाठी जी दक्षिणेची राज्यं फुटून निघाली त्यांच्या सैन्याचा हा रणध्वज, आणि फुटून निघणारं पहिलं राज्य हेच, २० डिसेंबर १८६० ला. "हेरिटेज, नॉट हेट" असं त्याच्या बाजूचे लोक म्हणतात, आमचे पूर्वज लढले मेले त्यांची आठवण आहे एवढंच. येताना एका पिकअपच्या मागच्या काचेवर दिसला पण, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, गाडी त्याची आहे. भांडण सरकारी इमारतीवरच्या झेंड्याचं होतं.

हा झेंडा काही १८६५ पासून तिथे फडकत नव्हता, मला स्वतःला आधी तसंच वाटायचं. तो घुमटावर चढला एप्रिल १९६१ मध्ये. कारण सांगितलं युद्धाची शताब्दी. पण १९६१ चं ते वर्ष जरा बघा. जानेवारीच्या शेवटी रॉक हिलमध्ये (आय-७७ वरच लागतं, आम्ही तिथे पेट्रोल भरलं) गोऱ्यांच्या लंच काउंटरवर बसले म्हणून काळ्या मुलांना धरलं, त्यांनी दंड भरायला नकार देऊन सक्तमजुरी पत्करली. २ मार्चला याच स्टेट हाऊसच्या आवारात १८७ काळे विद्यार्थी मोर्चा घेऊन आले, त्यांना अटक झाली, ती केस सुप्रीम कोर्टात जाऊन १९६३ मध्ये विद्यार्थी जिंकले. आणि मोर्चानंतर सहा आठवड्यांच्या आत घुमटावर झेंडा. शताब्दी होती हे खरंय, पण शताब्दी संपल्यावर उतरवला असता ना? १९६२ च्या ठरावात तो कधी उतरवायचा हे लिहिलंच नाही, तो राहिला पुढची चाळीसेक वर्षं.

काकांची गोष्ट जानेवारी २००० ची. एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने राज्यावर बहिष्कार टाकला होता, या राज्यात फिरायला जाऊ नका, परिषदा घेऊ नका. मार्टिन ल्यूथर किंग दिवशी इथे मोर्चा निघाला, ४६ हजारांच्या आसपास माणसं. "थंडीत कुडकुडत मी कडेला उभा, व्हिसाची भीती, म्हणून घोषणा बिषणा काही दिल्या नाहीत. पण एवढी माणसं मी इथे परत कधी पाहिली नाहीत."

मग तडजोड झाली. हेरिटेज ॲक्ट. १ जुलै २००० ला घुमटावरून आणि दोन्ही सभागृहांतून झेंडा काढला आणि या सैनिकाच्या स्मारकापाशी लावला. ऐकायला शहाणपणाचं वाटतं ना, वरून खाली आणला. पण इथे उभं राहिलं की कळतं की घुमटावर तो लांब होता, मान वर करून शोधायला लागायचा, आणि खाली आणल्यावर तो थेट जर्व्हे स्ट्रीटवरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेसमोर आला. शिवाय कायद्यात कलम घातलं की हलवायचा तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतील. मला विचाराल तर उतरवण्याच्या नावाखाली त्यांनी तो पक्का रोवला.

याचा अर्थ काय ते जून २०१५ मध्ये दिसलं. १७ जूनला चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये बायबल वाचायला बसलेल्या नऊ काळ्या माणसांना एका गोऱ्या पोराने गोळ्या घातल्या. त्यात चर्चचे पाद्री क्लेमेंटा पिंकनी होते, जे याच स्टेट हाऊसमध्ये सिनेटर होते. घुमटावरचे देशाचा आणि राज्याचा असे दोन्ही झेंडे अर्ध्यावर आले. हा मात्र पूर्ण उंचीवर. खांबाला कप्पीच नव्हती, अर्ध्यावर आणायची सोयच नाही, आणि कायद्याने हात लावायचा नाही. पिंकनींची शवपेटी दर्शनासाठी आत आणली तेव्हा लोकांना बाहेरचा झेंडा दिसू नये म्हणून खिडकीवर काळं कापड लावलं होतं. काका हे सांगत असताना मी वळून त्या खिडक्यांकडे बघितलं आणि खरं सांगते, शेंगांची पिशवी नवऱ्याकडे देऊन टाकली.

निकी हेली तेव्हा गव्हर्नर. बॅमबर्गसारख्या छोट्या गावात वाढलेली पंजाबी शीख आईबापांची मुलगी, जिने आधी हा विषय टाळलाच होता, तिने २२ जूनला जाहीर केलं की झेंडा उतरवा. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हा सगळं श्रेय तिलाच गेलं होतं, आपली ती आपली. पण आमच्या शार्लटचीच ब्री न्यूसम, तिने कोणाची वाट न बघता २७ जूनला सकाळी हार्नेस बांधून तो खांब चढून झेंडा काढला, खाली जेम्स टायसन नावाचा तिचा गोरा साथीदार उभा, दोघांना अटक आणि थोड्याच वेळात नवीन झेंडा वर. ते नाव ग्रुपवर कोणी घेतलं नाही. मला तर ती जास्त आवडते.

मग सिनेट, मग हाऊसमध्ये तेरा तासांची चर्चा, उपसूचनांचा पाऊस, जेनी हॉर्न नावाच्या रिपब्लिकन बाईंचं रडत रडत केलेलं भाषण, मध्यरात्र उलटून गेल्यावर ९४ विरुद्ध २०. १० जुलै २०१५ ला झेंडा उतरला, मागोमाग खांब आणि कुंपणही उखडलं.

आवारात अजून दोन गोष्टी चुकवू नका. एक, स्ट्रॉम थर्मंडचा पुतळा. वंशभेदाचा कट्टर समर्थक सिनेटर, १९५७ च्या नागरी हक्क विधेयकाविरुद्ध चोवीस तासांहून जास्त बोलला होता. तो गेल्यावर कळलं की घरच्या काळ्या मोलकरणीपासून त्याला एक मुलगी होती. मग दगडावर "चार मुलांचा बाप" होतं ते खोडून "पाच" केलं आणि खाली तिचं नाव कोरलं. जवळ जाऊन बघा, दुरुस्ती लपत नाही, दगडाचा रंगच वेगळा दिसतो. मी त्यावरून बोट फिरवून बघितलं, खरखरीत लागतं. दुसरं म्हणजे २००१ चं आफ्रिकन अमेरिकन स्मारक, एड ड्वाइट यांचं. खाली गुलामांच्या जहाजाचा आराखडा, माणसं फळीला फळी लावल्यासारखी झोपवलेली, आणि सेनेगल, सिएरा लिओन, घाना, काँगोमधून आणलेले चार दगड, हात लावायला. शाळेची मुलं त्याला हात लावत होती आणि त्यांच्या बाई घाई करत होत्या.

उतरवलेला झेंडा आता थोड्याच अंतरावर, जुन्या कापड गिरणीच्या इमारतीत असलेल्या रेलिक रूम म्युझियमकडे आहे. तो ठेवायला काही मिलियन डॉलर्सचं दालन बांधायचा प्रस्ताव होता आणि त्यावर पुन्हा भांडण, कारण तो काही लढाईतला ऐतिहासिक झेंडा नाही, साधा नायलॉनचा. आणि दोन तृतीयांशचं ते कलम २०२१ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने रद्द केलं, खटला भरणाऱ्यांत पिंकनींच्या पत्नी होत्या. कायदा मात्र ठेवला. म्हणजे आता साध्या बहुमताने कोणताही पुतळा हलवता येईल, फक्त विधिमंडळाने हलवायचं मनावर घ्यायला हवं, आणि थर्मंड, सैनिक, सगळे आहेत तिथेच आहेत.

आतली टूर फुकट आहे, वेळा बघून जा. उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका, आणि शेंगा बाजारातूनच घ्या, हायवेवरच्या पंपावरच्या पाणचट लागल्या.