खोकल्यातलं रक्त आणि फुफ्फुसाच्या दोन वाटा

तरुणपणी मला टीबी झाला होता. औषधांचा कोर्स पुरा केला, बरा झालो, पण उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला व्रण राहिला. गेल्या पावसाळ्यात थुंकीत लाल रेघा दिसायला लागल्या आणि एका सकाळी बेसिनमध्ये अर्धी वाटी लालभडक, फेसाळ रक्त पडलं. दांडिया बाजारातल्या शेजाऱ्यांनी रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं.

थुंकीत टीबीचे जंतू नव्हते. सीटी पाहून डॉक्टर म्हणाले, “काका, जांघेतल्या धमनीतून बारीक नळी घालून रक्त सांडणारी रक्तवाहिनी आतून बंद करून टाकू.” मी हबकलो. रक्तच बंद केलं तर फुफ्फुस जगणार कशावर?

त्यांनी रिपोर्टच्या पाकिटावर चित्र काढलं. फुफ्फुसाला रक्त दोन वाटांनी येतं. मोठी वाट पल्मोनरी आर्टरीची. हृदयाच्या उजव्या बाजूचं अशुद्ध रक्त, मिनिटाला साधारण ५ लिटर, तिच्यातून ऑक्सिजन घ्यायला जातं, पण कमी दाबाने. दुसरी वाट ब्रॉन्कियल आर्टरीची. ती बहुधा छातीच्या पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी महाधमनीतून फुटते आणि श्वासनलिकांच्या भिंतींना शुद्ध रक्त पुरवते. तिच्या वाट्याला जेमतेम १-२ टक्के रक्त, पण दाब महाधमनीचा, म्हणजे पहिलीच्या कितीतरी पट. जुन्या व्रणाभोवती हीच वाहिनी फुगते आणि फुटते. खोकल्यातून भरपूर रक्त पडतं तेव्हा दहातल्या नऊ वेळा ते हिचंच असतं. ती बंद केली तरी मोठी वाट चालूच राहते. हे कळल्यावर मी सही केली.

सही करण्याआधी त्यांनी धोकाही सांगितला, ते मला फार आवडलं. मज्जारज्जूला रक्त देणारी एक बारीक वाहिनी कधीकधी याच फाट्यातून निघते. वाहिनी बुजवायला सोडलेले कण तिच्यात गेले तर पाय लुळे पडू शकतात, म्हणून आधी डाई, म्हणजे एक्स-रेवर वाहिन्या दाखवणारं द्रव्य, सोडून नीट बघतात.

कॅथलॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेवर बघत रक्तवाहिन्यांत नळी घालतात त्या खोलीत, जांघेत भुलीचं इंजेक्शन दिलं, तेवढंच टोचलं. मी पूर्ण शुद्धीवर होतो. “श्वास रोको,” असं सांगून डाई सोडली की छातीत ऊब पसरायची. मान वळवल्यावर स्क्रीन दिसत होता. ती वाहिनी वडाच्या मुळीसारखी जाड, वेटोळी झालेली. मग अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचे बारीक कण डाईत कालवून हळूहळू सोडले. टोकाच्या फांद्या एकेक करून दिसेनाशा झाल्या आणि शेवटी डाई मुळाशीच थबकली.

नंतर कित्येक तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं, हे खरं अवघड गेलं. छातीत दुखलं, गिळतानाही थोडं अडकायचं. दोन्ही आपोआप गेलं. रक्त तेव्हापासून पडलेलं नाही. व्रण मात्र आहेच. आजूबाजूच्या दुसऱ्या वाहिन्या पुढेमागे त्याला रक्त द्यायला लागल्या तर पुन्हा पडू शकतं, आणि तसं झालं तर हेच पुन्हा करता येतं, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय.