नर्मदा परिक्रमेहून घरी आल्यावर: टाचा, हयातीचा दाखला आणि मार्च एण्ड

नर्मदेची पायी परिक्रमा कशी केली, कुठे कोण भेटलं, मैयाने म्हणजे नर्मदामाईने कसं सांभाळलं यावर लोक भरभरून लिहितात, पण घरी आल्यावर पुढचे दोन महिने काय होतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून हे लिहितेय. आणि बँकेचा राग अजून गेलेला नाही, तोही येणारच यात.

मी ६३ वर्षांची, टपाल खात्यात ३४ वर्षं नोकरी करून रिटायर झालेली, नाशिकला राहते. १२ नोव्हेंबर २०२४ ला, कार्तिकी एकादशीच्या दिवशी ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलली, म्हणजे सुरू केली, आणि ११ मार्चला १२० व्या दिवशी तिथेच पूर्ण केली. मैयाला उजव्या हाताला ठेवून चालायचं, तिला ओलांडायचं नाही, समुद्र तेवढा नावेने पार करायचा, बाकी सगळं पायी. बाटलीतलं मैयाचं जल ओंकारेश्वराला वाहिलं, कढई (शिऱ्याचा प्रसाद) केली, कन्यापूजन झालं, खंडव्याहून रेल्वेने १३ तारखेला होळीच्या दिवशी घरी. सुनेने पुरणपोळी केलेली होती, मी सात खाल्ल्या. हे मुद्दाम सांगतेय कारण भूक तशीच राहते. शरीराला वाटत असतं उद्या पण २५ किलोमीटर चालायचंय, आणि आपण तर सोफ्यावर बसून असतो. माझं वजन ६१ चं ५२ झालं होतं, त्यामुळे सगळे वाढतच होते आणि मी खातच होते, आठ दिवसांत पोट बिघडलं. हळूहळू खा. मूग-भात, ताक, भाकरी, हेच बरं.

पहिल्या रात्री गादीवर झोप लागली नाही, शेवटी खाली सतरंजी टाकली. पहाटे चारला जाग यायची, काही सुचायचं नाही, बाल्कनीत जाऊन बसायचे. सगळे झोपलेले, आणि माझे पाय निघायला तयार. डोळ्यांत पाणी यायचं. आमचे हे घाबरले की हिला काय झालं. काही झालेलं नसतं, चार महिने रोज सकाळी ‘नर्मदे हर’ म्हणून झोळी उचलायची सवय असते आणि ती अचानक बंद होते, एवढंच. हे दोन-तीन आठवडे राहतं. घरच्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे ते घाबरणार नाहीत.

आता टाचा. चालताना १२० दिवसांत फोड आले, दोन नखं काळी पडून गेली, पण टाच कधी दुखली नाही. दुखली ती घरी आल्यावर चौथ्या दिवशी. सकाळी पाय खाली ठेवला आणि टाचेत खिळा घुसावा तशी कळ आली, कपाटाला धरून उभी राहिले. दहा-वीस पावलं चाललं की कमी व्हायचं, दुपारी बसून उठलं की परत तेच. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तळव्याखालचा पडदा सुजलाय, प्लांटार फॅसायटिस. म्हणाले तुम्ही चार महिने शूज घालून बहुतेक मातीवर चाललात आणि आल्या आल्या चालणं एकदम शून्य करून अनवाणी फरशीवर फिरायला लागलात, हे दोन्ही चुकलं. मला वाटत होतं विश्रांती म्हणजे बसून राहणं! तसं नाही, रोज थोडं चालायचं, दोन-तीन किलोमीटर, आणि हळूहळू कमी-जास्त करायचं.

त्यांनी जे करायला सांगितलं आणि ज्याने मला खरंच फरक पडला ते असं: घरातसुद्धा मऊ चप्पल, बाथरूमला जाताना पण, देवघरातही मी कापडी सपाता घालायला लागले आणि त्यात काही पाप नाही. पलंगावरून पाय खाली ठेवायच्या आधी टॉवेल तळव्याला अडकवून पंजा स्वतःकडे ओढायचा, दहा-पंधरा वेळा. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवायची आणि नॅपकिनात गुंडाळून खुर्चीत बसून तळव्याखाली दहा मिनिटं मागे-पुढे फिरवायची. भिंतीला हात लावून पोटरी ताणायची. आणि रक्त तपासून घ्या, माझं हिमोग्लोबिन ९.६ निघालं आणि बी-१२ कमी, चार महिने सदावर्तात, म्हणजे वाटेवरच्या अन्नदानात, मिळेल ते प्रेमाने खाल्लं, त्यात डाळ-भात-टिक्कड (जाड रोटी) हेच जास्त, त्यामुळे असेल.

अजून एक, ज्याचा विचार मी केलाच नव्हता. परिक्रमा करून आलेल्याच्या पाया पडायला लोक येतात. श्रद्धेने येतात, त्यांना नाही कसं म्हणणार, पण दिवसाला वीस-पंचवीस जण येऊन दुखऱ्या पायावर डोकं ठेवतात, फुटलेल्या नखाला हात लागतो. मग मी पाटावर मैयाची बाटली ठेवली आणि सगळ्यांना म्हटलं नमस्कार तिला करा. सगळ्यांना ते आवडलं. आणि मावंदं, म्हणजे यात्रेहून आल्यावरचं जेवण, लगेच घालू नका. मी २३ मार्चला घातलं, ऐंशी पानं, दिवसभर ओट्याशी उभी, त्यानंतर तीन दिवस टाच टेकवता आली नाही. मैया काही घाई करत नाही, महिनाभराने घाला.

आता मुख्य गोष्ट, हयातीचा दाखला.

केंद्राच्या पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो, ३० नोव्हेंबरच्या आत, नाहीतर पुढची पेन्शन थांबते. ८० च्या वरच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. मी निघाले १२ ला, म्हणजे अकरा दिवस माझ्या हातात होते, पण दिवाळी, भाऊबीज, मग झोळी शिवणं, शूज, औषधं, या गडबडीत राहून गेलं. ही चूक माझी, मी मान्य करते. जानेवारीत मी नर्मदाकाठच्या नेमावर गावाच्या पुढे असताना ह्यांचा फोन आला की डिसेंबरची पेन्शन जमा नाही झाली. मी म्हटलं आल्यावर बघू, दाखला दिला की मागचे पैसे मिळतात, बुडत नाहीत. हे खरंय, बुडत नाहीत. पण आल्यावर काय झालं ते ऐका.

१७ मार्चला, सोमवारी, म्हणजे टाच दुखायला लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी बँकेत गेले. आमची शाखा पहिल्या मजल्यावर आहे, बावीस पायऱ्या, लिफ्ट नाही. पेन्शनर लोक सगळे साठीच्या वरचे आणि त्यांचं काम पहिल्या मजल्यावर. मला चढताना कमी दुखायचं, उतरताना जास्त. बँकेत हा दाखला मशीनवर अंगठा आधारशी जुळवून करतात, आणि त्या दिवशी ते मशीन ज्यांच्याकडे असतं ते सुट्टीवर होते.

दुसऱ्या दिवशी परत गेले. मुलगी चांगली होती काउंटरवरची, मावशी मावशी करत होती. अंगठा ठेवला, लाल लाइट लागला, मॅच नाही. काच रुमालाने पुसली, परत नाही. म्हणाली कपाळाला घासा, केसांना घासा, तेही केलं. उजवा झाला, डावा झाला, मग एकेक करत दहाही बोटं. एक पण लागलं नाही.

मग मी माझा हात नीट बघितला. चार महिने उजव्या हातात दंडा होता. अंगठ्याच्या पेरावर घट्टा पडलेला, त्याच्यावरची साल उललेली, भेगांमध्ये चुलीची काजळी बसलेली ती कितीही घासली तरी निघत नव्हती. थंडीत पहाटे मैयात अंघोळ, तिथेच कपडे खळबळायचे, राखेने भांडी घासायची. बोटांच्या रेघा दिसतच नव्हत्या, गुळगुळीत झाल्या होत्या. मला त्या हातांचं फार वाटलं, खोटं नाही सांगत, ते हात मी चालल्याचा पुरावा होते आणि त्याच हातांमुळे मी मशीनला जिवंत वाटत नव्हते.

ती मुलगी म्हणाली आधार अपडेट करून या. शुक्रवारी आधार केंद्रात गेले, टोकन घेतलं, दोन तास बसले. तिथला मुलगा हात बघून म्हणाला आजी, बोटं फाटलीयेत, आत्ता अपडेट केलं तर हेच खराब ठसे चढतील आणि पुढे कायमचा त्रास होईल, महिन्याने या. त्याचे आभार, त्याने खरं सांगितलं. तुम्हाला कुणी लगेच अपडेट करा म्हटलं तरी हात बरे होईपर्यंत करू नका.

मंगळवारी, २५ ला, चौथी फेरी. मावंद्याच्या दुसऱ्या दिवशी नाही तिसऱ्या दिवशी, म्हणजे टाचेची सगळ्यात वाईट अवस्था. कठडा धरून एकेक पायरी चढले. यावेळी सरळ अधिकाऱ्यांकडे गेले आणि म्हटलं कागदावरचा फॉर्म द्या, तुमच्यासमोर सही करते. कारण मला नियम माहीत आहे, पेन्शनर स्वतः बँकेत हजर असेल तर अधिकारी त्याला बघून फॉर्मवर सही-शिक्का करू शकतो, अंगठा लागलाच पाहिजे असं नाही. ते म्हणाले, काकू, आता सगळं ऑनलाइन झालंय, कागद आम्ही घेत नाही. मी पुन्हा म्हटलं घेता येतो. मग म्हणाले मार्च एण्ड आहे, एक तारखेनंतर बघू.

मी समोर उभी होते. पासबुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद), आधार, पॅन, सगळं टेबलावर ठेवलेलं. बसा सुद्धा म्हणाले नाहीत.

राग येण्याचं कारण नुसती फेरी नाही. मी ३४ वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसले. आमच्याकडे पण पेन्शनर म्हाताऱ्या यायच्या, बिड्या वळून, धुणीभांडी करून बोटं झिजलेल्या, त्यांचा अंगठा लागायचा नाही. मार्च एण्ड आम्हाला पण होता. पण बाई समोर उभी आहे म्हटल्यावर आम्ही स्टूल द्यायचो, फॉर्म मीच भरायचे, पोस्टमास्तरांची सही आणून द्यायचे, दहा मिनिटांचं काम. एकीलाही मी परत पाठवल्याचं आठवत नाही. त्यामुळे होत नाही असं मला सांगू नका, होतं.

घरी येऊन रडले आणि मग माझ्याबरोबर काम केलेल्या एका पोस्टमनला फोन केला. तो म्हणाला ताई, चार फेऱ्या कशाला मारल्या, पोस्टाच्या बँकेची घरपोच सेवा आहे ना. मला माहीत होतं, पण तिथेही अंगठाच लागणार म्हणून मी तो विचार सोडून दिला होता. तो म्हणाला अंगठा नसेल तर चेहऱ्याने होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आला. आधी त्याने पण मशीनवर अंगठा बघितला, नाहीच. मग मोबाइलवर चेहरा. हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली दोनदा नाही झालं, मग म्हणाला बाल्कनीत उजेडाकडे तोंड करून बसा, चष्मा काढा, पापणी मिटून उघडा. झालं! प्रमाण आयडी, म्हणजे दाखल्याचा नंबर, आला, सगळं मिळून पंधरा मिनिटं, फी ७० रुपये. त्याला चहा दिला आणि ओंकारेश्वरचा प्रसाद दिला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात डिसेंबरपासून मार्चपर्यंतची चारही महिन्यांची पेन्शन एकदम जमा झाली.

हे चेहऱ्याचं काम घरी स्वतःच्या मोबाइलवर पण होतं, ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ अशी दोन ॲप लागतात, पीपीओ नंबर आणि खाते नंबर जवळ ठेवा. २०२१ च्या नोव्हेंबरपासून ही सोय आहे, म्हणजे मला नेमावरला सुद्धा करता आलं असतं, रेंज असलेल्या कुठल्याही आश्रमात. कार्तिकी एकादशी कधीकधी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच येते, २०२५ ला १-२ तारखेलाच होती, अशा वर्षी एकादशीला उचलणाऱ्या ८० च्या आतल्या पेन्शनरांना निघण्याआधी दाखला देणं कठीणच, तेव्हा ॲप आधीच टाकून, शिकून जा आणि पहिल्या पंधरवड्यात वाटेत देऊन टाका. पीपीओचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आणि बँकेतच करायचं असेल तर कागदी फॉर्म मागा, नाही म्हणाले तर तसं लेखी मागा, मला त्या दिवशी हे सुचलं नाही.

हातांना मी रात्री खोबरेल तेल लावून जुने सुती मोजे घालून झोपायचे, काजळी आठ-दहा दिवसांत निघाली, साल जायला दीड महिना लागला. चपला नवीन घ्यायची घाई करू नका हे सांगायचं राहिलं, पाय चालून पसरलेले असतात, मी मार्चमध्ये एक नंबर मोठी घेतली ती आता सैल होते. टाच मे अखेरपर्यंत दुखत होती, मग एक दिवस लक्षात आलं की टॉवेल ओढायचा विसरून मी सरळ उठून स्वयंपाकघरात गेलेय.

परवा गॅस एजन्सीत केवायसीसाठी अंगठा लावायचा होता. मी आधीच त्या मुलाला सांगायला लागले की माझा लागत नाही बाबा, तर तो म्हणाला लागला पण, आजी, झालं तुमचं.